दुसरी किल्ली

"ती किल्ली इकडं दे आधी," आई म्हणाल्या. "चामडं घेऊन देवीपुढं जायचं नसतं."

नांदघूरच्या वाघजाईच्या देवळापाशी आम्ही नुकत्याच उतरलो होतो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, तारामती जगदाळे. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. पुण्याहून पहाटे निघून मी त्यांना साताऱ्यात घेतलं होतं आणि खड्डे चुकवत गाडी इथवर आणली होती. पर्स चामड्याची म्हणून ती त्यांनी आधीच सीटवर ठेवायला लावली. फोन चार्जिंगला होता, तोही तिथंच राहिला. दारं लावून झाल्यावर ओटीचं सामान डिकीत असल्याचं लक्षात आलं, म्हणून मी नुसती डिकी उघडली.

आमची गाडी बिनकिल्लीची. म्हणजे किल्ली असते, पण ती कुठं घालायची किंवा फिरवायची नसते. खिशात असली की गाडीला कळतं आणि नुसता हात लावला तरी दार उघडतं. त्या काळ्या गुळगुळीत किल्लीला मी हौसेनं चामड्याचं कव्हर घातलं होतं आणि आता त्यावरूनच बोलणी खात होते.

किल्ली त्यांच्या हातात दिली, साडी-खणाचं ताट उचललं आणि नारळ धुवायला नळावर गेले. मागं डिकी धप्पकन लागल्याचा आवाज आला.

"आई, किल्ली?"

"ठेवली की. पोळ्यांच्या पिशवीत एक रिकामा डबा होता, त्यात."

"स्टीलच्या?"

"मग काय सोन्याच्या? झाकण घट्ट लावलंय. कुठं जात नाही."

मी ताट पायरीवर ठेवलं आणि गाडीकडं धावले. डिकीचं बटण दाबून पाहिलं, चारही दारांना हात लावून पाहिला. गाडी ढिम्म. एरवी किल्ली आत विसरली तर गाडी बोंब मारते आणि कुलूप लावूनच घेत नाही. पण स्टीलच्या बंद डब्यातली किल्ली तिला ऐकू येत नाही. तिच्या लेखी किल्ली इथं नव्हतीच, मग ती कशाला उघडतेय?

चिडायचं तरी कोणावर? ही गंमत आईंना मीच तर दाखवली होती. आमच्या सोसायटीतून अशाच दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या. घरातल्या किल्लीचा सिग्नल चोर बाहेरून ओढून घेतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून मी रात्री किल्ली बिस्किटांच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. दिवाळीत आई पुण्याला आल्या होत्या. त्यांचा विश्वास बसेना. मग आम्ही दोघी डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. झाकण लावलं की दार उघडत नाही, झाकण काढलं की उघडतं. "अगं बया!" म्हणत त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. वॉचमन लांबून बघत होता. त्याला वाटलं असावं, दोघी बायका गाडीला बिस्किटं भरवताहेत.

आता वय झालं, विसरल्या असतील, असं मी स्वतःला समजावलं. तशाही त्या दिवशी मला त्यांच्यावर रागावायची सोय नव्हती. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती.

रणजित आणि मी वेगळे होत होतो. तो एप्रिलपासून वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. दिवाळीत आई आल्या तेव्हा तेवढे चार दिवस तो घरी येऊन राहिला, फराळ केला, पणत्या लावल्या आणि भाऊबीज झाल्यावर पुन्हा गेला. आता वकिलांनी कागद तयार केले होते. "आईला तू सांग," रणजित म्हणाला होता. "तुमचं जमतं. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला कमी लागेल." मी बरं म्हणाले. आमच्या संसारात अवघड निरोप मीच पोचवायचे. त्याच्या बॉसला त्याचं आजारपण मी कळवायचे, त्याच्या मित्रांना नाही म्हणायचं असलं तरी फोन मीच करायचे. हा शेवटचा, असं म्हणून घेतला.

त्यातच आईंनी हे काढलं. कुलदेवीची ओटी कित्येक वर्षांत भरली नाही, त्या स्वतः विधवा, तेव्हा घरच्या सुनेनंच भरायला हवी. मी ठरवलं, ओटी भरायच्या आधी सांगायचं. सून म्हणून देवीपुढं उभं राहायचं आणि पुढच्या आठवड्यात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, हे मला झेपणारं नव्हतं. साताऱ्यापासून देवळापर्यंत तोंड चार वेळा उघडलं आणि चारही वेळा रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी बोलले.

देवळाशेजारी राहणारी गुरवीण, हौसाबाई, पदराला हात पुसत आली.

"काय झालं वो?"

"गाडी बंद झाली. किल्ली आत राहिली," मी म्हणाले.

"मग त्यात काय! आमच्या मालकास्नी हाक मारू का? दगडानं काच फोडत्याल की."

"काच बिच काही फोडायची नाही," आई एकदम म्हणाल्या. "दुसरी किल्ली घरी आहे. रणजितला फोन लाव, शर्वरी. घेऊन येईल."

"त्याला कशाला आई एवढ्या लांब? साताऱ्यातून मेकॅनिक बोलावू. त्यांच्याकडं उघडायची हत्यारं असतात."

"परका माणूस गाडीची दारं उचकटणार आणि घरची किल्ली घरात पडून राहणार? लाव फोन."

असल्या गाड्या मोबाईलवरनंही उघडतात. आमच्या गाडीची ती सोय बंद पडली होती, कारण तिच्या वर्गणीचं नूतनीकरण मी करेन असं रणजितला वाटलं आणि तो करेल असं मला. आईंचा मोठ्या आकड्यांचा फोन घेऊन मी दीपमाळेपाशी गेले. रेंज तेवढीच तिथं होती.

"सांगितलंस?" रणजितनं पहिलंच विचारलं.

"नाही अजून. गाडी लॉक झालीय. किल्ली आत. तुझ्याकडची घेऊन यावं लागेल."

"शर्वरी, आज मला..."

"आई म्हणताहेत, तूच ये."

तो म्हणाला, "अभ्याची गाडी घेऊन निघतो. पण मी यायच्या आत सांगून टाक ना. मग मला सोपं जाईल."

मला तेव्हा त्याचा राग आला नाही. त्याला सोपं जावं असं मलाही वाटत होतं, इतकी मी त्या कामात मुरलेली होते.

परत आले तर आई देवळाच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. हौसाबाईनं चहा आणि चटणी-भाकरी आणून दिली होती. पुरणपोळ्या डिकीत कुलूपबंद.

"येतोय?" आईंनी विचारलं.

"निघालाय. दुपार होईल."

"होऊ दे. खा."

मी नुसते भाकरीचे तुकडे करत बसले. आई मात्र नीट जेवल्या. ड्यूटीवरच्या सवयीनं त्या कायम वेळेवर आणि भराभर जेवायच्या. हात धुऊन त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. डायल आतल्या बाजूला, जुन्या नर्स बांधायच्या तसं. मीही पाहिलं आणि माझा हात तसाच राहिला. घड्याळाचा पट्टा चामड्याचा होता.

मघाशी देवीला हात जोडायला त्या आत जाऊन आल्या होत्या. घड्याळासकट.

"आई," मी म्हणाले, "तुमच्या घड्याळाचा पट्टा..."

"काय त्याचं?"

"चामड्याचा आहे."

त्यांनी पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खोटं बोलताना पकडलेल्या माणसाचा ओशाळा भाव त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता.

"तुला आत्ता दिसलं व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गाडीपाशीच म्हणशील."

"मुद्दाम ठेवलीत किल्ली डब्यात?"

"मुद्दाम. तुझा फोन आत राहिला हे मात्र आपोआप. त्याला माझा इलाज नव्हता."

"का पण?"

आईंनी पाय जवळ ओढून घेतले. "साताऱ्यापासून तू मला काहीतरी सांगायला बघतीयास. मला दिसतं गं. तू तोंड उघडलंस की मी खिडकीबाहेर बघायची. म्हणलं, हिच्या तोंडून नको."

मी पुढ्यातली भाकरी बाजूला सरकवली.

"दिवाळीत तो रोज संध्याकाळी बेल वाजवून घरात यायचा," आई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मला वाटलं, किल्ली विसरला असंल. दुसऱ्या दिवशी पण बेल. आत आला की चप्पल कडंला नीट लावायचा. पाणी मागून प्यायचा. या पोरानं जन्मात कधी चप्पल नीट काढली नव्हती."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"मी कशाला विचारू? सांगायला पायजे त्यानं." त्यांचा आवाज चढला, मग पुन्हा खाली आला. "तुला दवाखान्यातलं सांगते. पेशंट गेला की डॉक्टर बाहेर यायचे नाहीत. मला म्हणायचे, सिस्टर, तुम्ही सांगा, तुम्हाला बोलता येतं चांगलं. मी जायची. मग त्या माणसांचा सगळा राग माझ्यावर. एका बाईनं तर माझ्या कानाखाली मारली होती. वर्षानुवर्षं बाजारात दिसली की तोंड फिरवायची. मी काय केलं होतं तिचं? मी फक्त सांगायला गेली होती."

हौसाबाई कपबश्या न्यायला आली, तेवढा वेळ त्या थांबल्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "तू सांगितलं असतंस ना, तर मी तुझ्यावर रागावली असती. मला कळत असूनसुद्धा. ज्याच्या तोंडून ऐकावं त्याचाच राग येतो माणसाला. आणि तो मग घरी यायचा, मी त्याला वरणभात वाढायची आणि तुझ्या नावानं बोटं मोडायची. मला ते करायचं न्हाई. म्हणून त्याला बोलावलं."

मला रडू आलं. इतक्या महिन्यांत माझी बाजू कुणी घेतली नव्हती, मी स्वतःसुद्धा नाही. आईंनी जवळ घेतलं वगैरे नाही, त्या तशा नव्हत्याच. पदराचं टोक पुढं केलं आणि म्हणाल्या, "पूस. तो आल्यावर तोंड सुजलेलं दिसायला नको."

उन्हं कलायला लागली तेव्हा रणजित आला. मित्राची गाडी चढावर लावून धूळ उडवत पायी खाली उतरला. आमच्या गाडीजवळ पोचायचा अवकाश, आरसे उघडले, दिवे लागले. त्यानं डिकी उघडली, मी दाखवलेल्या पिशवीतनं डबा काढला, झाकण उघडून आतली किल्ली पाहिली आणि हसला.

"काय आई! डब्यात कशाला घातलीस?"

"तू यावास म्हणून."

त्याचं हसू अर्धवट राहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. भुवया किंचित उंचावल्या. सांगितलंस का, असा त्याचा अर्थ. मी मान हलवली, नाही.

"बस," आई म्हणाल्या. "दमलायस. पाणी पी. आणि मग जे सांगायला हिला धाडलंयस ते तू सांग."

"आई, घरी जाऊन बोलू या ना."

"कुठल्या घरी?"

तो उभाच राहिला. हौसाबाईनं आणलेला तांब्या त्यानं हातात घेतला, प्यायला नाही. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढलेली असल्यामुळं मला माहीत होतं, आता तो वाक्य सुरू करेल आणि अर्ध्यात सोडेल. सवयीनं मी पुढं झाले. "आई, म्हणजे त्याचं असं..." आईंनी माझ्याकडं न बघता माझं मनगट धरलं. पेशंटची नाडी बघायला धरावं तसं, घट्ट.

"आई," रणजित म्हणाला, "आम्ही वेगळे होतोय. कोर्टात अर्ज करणार आहोत."

"आम्ही कोण? दोघांनी ठरवलं?"

"मी ठरवलं. ती हो म्हणाली."

"दुसरी कुणी आहे?"

"नाही. शपथ घेऊन सांगतो."

"हिनं काही केलं?"

"नाही. तिनं काहीच केलं नाही. सगळं तीच करते. म्हणूनच बहुतेक..." त्याला पुढं येईना. पण कुणी त्याचं वाक्य पुरं करून दिलं नाही, तेव्हा त्याचं त्यालाच करावं लागलं. "मला त्या घरात राहवत नाही. मी बराच प्रयत्न केला. नाही जमत."

"ठरलंय तुझं?"

"ठरलंय."

"पक्कं?"

"हो, आई."

"बघ, माझ्याकडं बघून सांग. पक्कं ठरलंय?"

त्यानं आईंकडं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "पक्कं ठरलंय," तो म्हणाला.

आई पुन्हा पुन्हा विचारून त्याला कोंडीत पकडताहेत, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी सुखावलेसुद्धा. आजवर कुणी त्याला असं उभं केलं नव्हतं.

आईंनी माझं मनगट सोडलं. "बरं," त्या म्हणाल्या. "सांगितलंस ते चांगलं केलंस."

त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्याला शाप दिला नाही की जवळही घेतलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल. ओटी राहिलीय."

"आई, आता मी कशी भरू?"

"का? हात आहेत की. देवी काय लग्नाचा दाखला मागतीय व्हय?"

आम्ही आत गेलो. मी साडी-खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ भरली. आई बाजूला उभ्या होत्या. काय मागू ते सुचेना, म्हणून काहीच मागितलं नाही. बाहेर येऊन चपला घातल्या तेव्हा रणजित गाडीला टेकून उभा होता. त्यानं दुसरी किल्ली माझ्यापुढं धरली.

"ही पण तुझ्याकडंच असू दे," तो म्हणाला.

मी ती घेतली. आईंच्या पाया पडून तो चढावर गेला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आई तिकडं पाहत होत्या. नंतर मुकाट्यानं पुढच्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावून घेतला.

परतीच्या रस्त्यावर मी गाडी सावकाश चालवत होते. दोन्ही किल्ल्या खिशात होत्या. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. ज्याचं त्यानं बोलून दाखवलं होतं, माझ्यावरचं ओझं आईंनी उचललं होतं आणि त्यांचा डाव कसा नेमका साधला याचं मला मनापासून कौतुक वाटत होतं. तेच बोलून दाखवावं म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. आई रडत होत्या. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नव्हता.

मी गाडी कडेला घेतली.

"आई?"

"लहानपणी त्याला माझ्या तोंडावर काही सांगता यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मार्क कमी पडले, शाळा बुडवली, काही असू दे. माझ्यापुढं आला की गप्प. मग त्या गोष्टीचं पुढं काही व्हायचंच न्हाई, तिथल्या तिथं विरून जायची." त्यांना धाप लागली होती. "मला वाटलं, तुझ्याकडनं निरोप धाडतोय म्हणजे स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नसंल त्याची. माझ्यापुढं उभा केला की म्हणंल, काही न्हाई आई, उगीच झालं भांडण. म्हणून बोलावला त्याला. तुला मघाशी सांगितलं ते खोटं न्हाई. पण खरं कारण हे होतं."

समोरून दुधाची गाडी आली आणि भुर्रकन निघून गेली.

"तीनदा विचारलं मी," आई म्हणाल्या. "तीनदा. तो एकदाही थांबला न्हाई गं."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी तिशी ओलांडलेली, स्वतःला फार खंबीर समजणारी बाई होते. घटस्फोटाला मी शांतपणे हो म्हटलं होतं, वकील मी शोधला होता, घरातली त्याची पुस्तकं खोक्यांत मी भरून दिली होती. आणि तरी साताऱ्याच्या अलीकडं, कडेला लावलेल्या त्या गाडीत बसून मला कळलं, की आईंनी त्याला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा श्वास रोखून मीसुद्धा वाट पाहत होते.

"मलाही वाटलं होतं, आई," मी म्हणाले. "मलाही वाटलं होतं, तो नाही म्हणेल."